बोटे कापण्यासाठी योजना आहे, वाचवण्यासाठी नाही : जत तालुक्यातून मंत्री महोदयांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मी जत तालुक्याच्या पूर्व भागात, कर्नाटकच्या सीमेला लागून असलेल्या एका गावात राहते. अंगणवाडी सेविका म्हणून २८ वर्षे काम करून निवृत्त झाले. पंधरा दिवसांपूर्वी मिरजेत माझ्या यजमानांच्या उजव्या पायाची दोन बोटे काढावी लागली. ती बोटे वाचवता आली असती, हे आपल्या कानावर घालण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मिरजेच्या बाजूने एका ख्रिस्ती सेवाभावी संस्थेची गाडी चार वर्षे दर मंगळवारी आमच्या गावी येत होती. एक डॉक्टर, दोन परिचारिका आणि औषधे देणारा एक तरुण असे चौघे जण सरकारी आरोग्य उपकेंद्राच्या मागच्या रिकाम्या खोलीत सकाळी नऊपासून बसत. वाड्या-वस्त्यांवरून मेंढपाळ, ऊसतोडीहून परतलेली जोडपी, गरोदर सुना, क्षयरोगाच्या गोळ्या मध्येच सोडून दिलेले पुरुष असे सगळे तिथे येत. आमच्याकडच्या पुष्कळ म्हाताऱ्या बायकांची बोली कानडी आहे आणि मराठी त्यांना तोडकेमोडकेच येते. त्यांच्याजवळ जमिनीवर बसून थोरल्या परिचारिका ‘एल्लि नोवु?’ असे विचारत, म्हणजे कुठे दुखते. माझ्या सगळ्या नोकरीत तपासणीसाठी आलेल्या कोणी त्यांना त्यांच्या भाषेत हा प्रश्न विचारलेला मी ऐकला नव्हता.

यजमानांना मधुमेह होऊन अकरा वर्षे झाली. दर तीन महिन्यांनी या परिचारिका त्यांचा पाय स्वतःच्या मांडीवर घेत, त्यांना डोळे मिटायला सांगत आणि नायलॉनचा एक बारीक तंतू तळव्याला ठिकठिकाणी टेकवून ‘लागलं का?’ असे विचारत. जिथे उत्तर येत नसे, तिथे कागदावर काढलेल्या पावलाच्या आकृतीत लाल पेनाने फुली मारली जाई. उजव्या अंगठ्याच्या खाली तीन फुल्या होत्या. ‘इथे काटा रुतला तरी काकांना कळायचं नाही, रोज रात्री दिवा घेऊन तुम्ही बघायचं,’ असे त्यांनी मला बजावले होते. घरात फ्रिज नाही म्हटल्यावर ओल्या वाळूत मडके बसवून त्यात इन्शुलीनची बाटली कशी जपायची, हेही त्यांनीच शिकवले.

गेल्या श्रावणात आपण तालुक्याला आला होता. त्या सभेत मी चौथ्या रांगेत बसले होते. दिवाळीच्या आत आमच्या भागातील रिक्त जागा भरल्या जातील आणि या संस्थेला खोली कायमची वापरू दिली जाईल, असे आपण माईकवरून सांगितले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. दिवाळी गेली, कोणी आले नाही. जानेवारीत मात्र खोली रिकामी करण्याचे पत्र आले. शासकीय इमारतीत धार्मिक स्वरूपाचा उपक्रम चालतो, असे कारण त्यात दिले होते.

तो धार्मिक उपक्रम कोणता, हे मी चार वर्षे पाहिलेली बाई आहे म्हणून सांगते. काम सुरू करण्याआधी ते चौघे दारापाशी मिनिटभर डोळे मिटून उभे राहत, एवढेच. माझे यजमान माळकरी आहेत आणि आषाढीची वारी त्यांनी पाय चालेनासे होईपर्यंत चुकवली नाही. त्यांना किंवा आमच्या मुसलमान शेजाऱ्यांना कोणी धर्म विचारला नाही, पुस्तक दिले नाही, अट घातली नाही. देवाला स्मरून रोग्याची सेवा करणे ही या महाराष्ट्राला परकी गोष्ट आहे काय? गाडगेबाबांनी सांगितलेल्या दहा कामांमध्ये रोग्यांना औषधोपचार हेही एक आहे, आणि त्यांनी धर्मशाळा बांधल्या त्या याच श्रद्धेतून. १८९४ साली मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी मिशनचे रुग्णालय उघडले. मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले ते १९६२ मध्ये. मधली ६८ वर्षे आमच्यासारख्या लांबच्या गावांतील माणसे कोणाच्या भरवशावर मिरजेची वाट धरत होती, हे खोली रिकामी करण्याच्या पत्रावर सही करणाऱ्यांनी एकदा आठवून पाहायला हवे होते.

खोलीला कुलूप लागल्यावर गाडी काही आठवडे चिंचेखाली उभी राहिली. पण उघड्यावर गरोदर बाईला तपासता येत नाही, जखम धुता येत नाही. शेवटी गाडी यायची थांबली. मार्चमध्ये यजमानांच्या अंगठ्याखाली, बरोबर फुल्या मारलेल्या जागी, चपलेचा खिळा घुसला. मला मोतीबिंदू आहे, दिव्याच्या उजेडात तो तीन दिवस दिसला नाही. वास आला तेव्हा कळले. उपकेंद्रात गेले तर मलमपट्टीचे सामान संपलेले, आणि खिडकीतून मागच्या खोलीतले संस्थेचे बाकडे आणि वजनकाटा जसेच्या तसे दिसत होते. मिरज आमच्यापासून शंभर किलोमीटरहून लांब आहे. भाड्याची जीप ठरवली, त्यासाठी दोन शेळ्या विकल्या. वाटेतल्या एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयाने आधी अनामत रक्कम भरा म्हणून दारातूनच परत पाठवले. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि आणखी १० टक्के सवलतीच्या दरात द्यायच्या असतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. दारात उभ्या असलेल्या माणसाला ते ठाऊक असणार, पण त्याने सांगितले नाही.

शस्त्रक्रिया महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसली, त्यासाठी मी ऋणी आहे. पण महोदय, ही योजना रुग्ण खाटेवर दाखल झाल्यावर कामाला येते. घरी राहून रोज घ्यायचे इन्शुलीन, आठवड्याला बदलायची पट्टी, पाय तपासणारा हात यांतले काही तिच्यात नाही. पाच लाखांपर्यंतचे संरक्षण कार्डावर लिहिलेले आहे, आणि गावात शंभर रुपयांची पट्टी नाही. हे खर्चाचे गणित कोणी बसवले आणि त्यात गरिबाच्या पायाचे मोल काय धरले, याचे उत्तर मला हवे आहे.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात आरोग्यावरचा सरकारी खर्च २०२५ पर्यंत देशाच्या सकल उत्पादनाच्या (जीडीपी) २.५ टक्के करू असे लिहिले होते, आणि राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अर्थसंकल्पातील आठ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्याला द्यावी असेही लिहिले होते. दोन्ही साले उलटून गेली. सपाट प्रदेशात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र हा नियम शाळेतल्या पाढ्यासारखा मला पाठ आहे, कारण नोकरीत दर बैठकीला तो वाचून दाखवला जाई. नियम इमारत मोजतो, दार उघडे आहे की नाही हे मोजत नाही. आमच्या इमारतीवर आधी आरोग्यवर्धिनी केंद्राची पाटी होती, आता आयुष्मान आरोग्य मंदिराची आहे. देवाचे नाव घेणाऱ्या चौघांना ज्या इमारतीतून बाहेर काढले, तिच्या पाटीवरच मंदिर हा शब्द आहे.

२०२२ च्या हिवाळ्यात कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या ४० गावांवर हक्क सांगितला, तेव्हा आमच्या रस्त्यावर किती गाड्या धावल्या होत्या! आम्ही महाराष्ट्राचे आहोत हे त्या वेळी सर्वांना आठवले. कोणी हक्क सांगितला नाही की आम्ही पुन्हा कोणाचेच नसतो. संस्थेने दया दाखवली, ती तिची इच्छा होती, आणि उद्या पैसे संपले तर ती थांबूही शकते. आपल्याला ती मुभा नाही.

ती खोली या महिन्यात उघडा आणि संस्थेला लेखी करार करून द्या, म्हणजे एका सहीने कोणी कुलूप लावू शकणार नाही. उपकेंद्रात नेमलेल्या माणसाचे नाव आणि हजेरीची वेळ दारावर लिहा. इन्शुलीन, मलमपट्टी आणि पाय तपासणारे प्रशिक्षित माणूस ही जबाबदारी संस्था असो वा नसो, सरकारची आहे, ती घ्या. यजमानांचा डावा पाय अजून शाबूत आहे. त्याच्या कागदावर दोन फुल्या आहेत आणि तो कागद जानेवारीनंतर कोणी पाहिलेला नाही.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
पूर्व भाग, तालुका जत, जिल्हा सांगली