मजुरीचा हिशेब मांडायचा कोणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वस्तूचे मूल्य तिच्यात गेलेल्या श्रमावर ठरते, या मार्क्सच्या मूल्यसिद्धान्तावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. त्यात टीकाकार म्हणून फक्त बाजारवादी मंडळी भेटली. भांडवलशाहीचा मार्क्सइतकाच तिटकारा असलेल्या, पण राज्यसंस्थाच नको म्हणणाऱ्या अराज्यवाद्यांना एक ओळही मिळाली नाही, याचे वाईट वाटले. त्यांच्यातला रशियन बाकुनिन म्हटले की 1872 ची, कामगारांच्या पहिल्या इंटरनॅशनलच्या हेग अधिवेशनातली त्याची हकालपट्टी आणि मार्क्सशी झालेला राज्यसंस्थेवरचा वाद आठवतो. पण भांडण अर्थशास्त्राचेही होते.

दुसरा रशियन अराज्यवादी क्रोपोत्किन याने ‘द कॉन्क्वेस्ट ऑफ ब्रेड’ या 1892 च्या ग्रंथात थेट मजुरीलाच हात घातला. क्रांतीनंतर ज्याने जितके तास राबावे त्याला तितक्या तासांची चिठ्ठी मिळावी, ही त्या काळच्या समाजवाद्यांची योजना. त्याने विचारले, कोळशाच्या खाणीत पिंजरा वर-खाली करणारा, आत कोळसा फोडणारा आणि कोळशाच्या थराचा हिशेब करणारा इंजिनिअर, यांत कोणाचा वाटा किती, हे कोण ठरवणार?

निफाडच्या द्राक्षबागेत उभे राहिले की हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. पेठ-सुरगाण्याहून आलेली टोळी एकरी ठेक्यावर विरळणी करते. बाया मान वर करून कात्रीने एकेक घड मोकळा करतात. कडाक्याच्या थंडीत मणी तडकू नयेत म्हणून कोणी रात्रभर बागेत शेकोट्या पेटत्या ठेवतो. कोणी औषध फवारतो, कोणी पॅकहाउसमध्ये पेट्या भरतो. पेटीला मिळालेल्या भावात कात्रीचे किती आणि शेकोटीचे किती, हे तासांवर मोजता येईल असे मला वाटत नाही.

मार्क्सवर अन्याय नको. 1875 मध्ये जर्मन समाजवादी पक्षाच्या गोथा कार्यक्रमावर टीका करताना त्याने मान्य केले होते की श्रमाच्या मापाने दिलेला समान हक्क प्रत्यक्षात विषमच ठरतो. गरजेप्रमाणे वाटप पुढच्या टप्प्यावर येईल, असे तो म्हणाला. क्रोपोत्किनला हे टप्पेच अमान्य होते: खासगी मालकी मोडायची आणि मजुरी ठेवायची, ही दोन तत्त्वे एका घरात नांदणार नाहीत. कुशल श्रम म्हणजे साध्या श्रमाची पट, हे मार्क्सचे गणितही त्याला पटले नाही. इंजिनिअरला जास्त मिळते ते शिक्षण मूठभरांच्या हाती असल्यामुळे, असे त्याचे म्हणणे. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांत एकाच मशीनवर कायम आणि कंत्राटी कामगारांचे पगार वेगळे असतात. तिथे तर कौशल्याचा फरकही नसतो!

2018 च्या मार्चमध्ये लाल झेंडे घेऊन नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्या शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात हा वाद मराठीतून व्हायला हवा. आपण क्रोपोत्किनच्या मांडणीवर स्वतंत्र लेख छापावा आणि त्याला मार्क्सवाद्यांचे उत्तरही शेजारीच द्यावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातपूर, नाशिक