छाटणीची तारीख तूच ठरव

बाळा,

फोनवर तू नुसतं "हो आई, बघतो" म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून हे व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवतेय, रात्री जेवण झाल्यावर निवांत वाच. पप्पांचं चांगलं चाललंय. फिजिओवाल्या ताई येतात, गुडघा बऱ्यापैकी वाकायला लागलाय, काल वॉकर घेऊन बाल्कनीपर्यंत स्वतः गेले. इथली काळजी करू नको, इथे मी आहे.

मला काळजी तुझी वाटतेय. गणपती गेले तेव्हापासून तू द्राक्षाच्या छाटणीची तारीख ठरवतोयस आणि अजून ठरलेली नाही. आधी सल्लागाराला विचारलं, तो म्हणाला दसऱ्यानंतर घ्या. मग औषधाच्या दुकानात विचारलं, तो म्हणाला आत्ताच घ्या, रेट सापडेल. मग मामाला, मग कॉलेजच्या ग्रुपवर, मग मोबाईलमध्ये हवामानाचे तीन अॅप टाकले आणि तिघांचा पाऊस वेगवेगळ्या दिवशी. आता काय, तू सगळ्यांचं ऐकून आधीपेक्षा जास्त गोंधळलास. अरे, प्रत्येकजण त्याच्या त्याच्या बागेपुरतं खरंच बोलतोय. पण आपलं रान त्यांनी कुठं बघितलंय, आपल्या रानात चिखल कुठे साचतो ते मामाला तरी काय माहिती?

तुला सगळं माहितीये, कॉलेजात शिकलायस, तरी एकदा लिहून काढते म्हणजे तुझ्यापण डोक्यात सरळ लागेल. लवकर छाटली तर माल लवकर, बाजारात गर्दी व्हायच्या आत, भाव चांगला. पण मग पोंगा, म्हणजे नुकता फुटलेला कोंब, किंवा फुलोरा नेमका परतीच्या पावसात सापडतो, डाऊनीची बुरशी येते, गळ होते, घडकुज होते. उशिरा छाटली तर पाऊस टळतो, औषधाचा खर्च कमी, पण मणी थंडीत अडकतात, फुगवण होत नाही, पुढे भुरीची बुरशी आहे, मणी गुलाबी पडतात ती पिंक बेरी आहे, आणि मार्चमध्ये सगळ्या जिल्ह्याचा माल एकदम निघाला की व्यापारी सांगेल तो भाव. म्हणजे दोन्हीकडे काहीतरी जाणारच आहे. ज्यात काहीच जाणार नाही अशी तारीख तू शोधतोयस आणि ती कॅलेंडरात नाहीये राजा. सटाण्याकडचे लोक बघ, भर पावसाळ्यात छाटण्या घेतात, वर्षानुवर्षं घेतायत. पाऊस त्यांच्याकडे पण पडतोच. त्यांनी एक धोका पत्करायचं ठरवलंय आणि मग सगळं फवारणीचं गणित त्याच्याभोवती बसवलंय, बस.

आप्पांच्या वेळी दसरा बघून छाटणी व्हायची, हे तू मला परवा म्हणालास, की तेव्हा किती सोपं होतं. तेव्हा होतं सोपं. आता हवामान खात्यानेच 2020 मध्ये त्यांच्या सरासरी तारखा बदलल्या, राजस्थानातनं पाऊस माघारी फिरायची तारीख आधी 1 सप्टेंबर होती ती 17 सप्टेंबर केली. जवळजवळ पंधरा दिवस पुढे. मग आप्पांची तारीख तुला कशी लागू पडेल? पप्पांची पण पडणार नाही. तुमच्या पिढीला आपली तारीख आपणच काढायचीये, आणि ती काढताना काही वर्षं चुकणार, हे गृहीत धरूनच चालावं लागेल.

आणि थांबणं म्हणजे सेफ आहे असं जे तुला वाटतंय ना, तेच मला जास्त खटकतंय. पानं गाळायचं इथ्रेल मारून झालंय, वरच्या तुकड्यात पानगळ झालीये, पाण्याचा ताण दिलाय. आता वेल काय तुझी वाट बघत बसणार आहे का? काडीवरचे डोळे फुगायला लागलेत म्हणालास. असंच अजून राहिलं तर काडीच्या शेंड्याकडचे डोळे फुटतील, सगळी ताकद तिकडे जाईल आणि ज्या डोळ्यावर घड आहे तो मागे राहील. छाटणीच्या टोळीचं पण तसंच, पेठकडचे मजूर दिवाळीच्या आत जमतील तेवढे प्लॉट उरकतात, तू आज उद्या करत राहिलास तर मुकादम दुसऱ्याकडचा अॅडव्हान्स घेईल आणि तुझा नंबर नोव्हेंबरात. तेव्हा तारीख ठरेल, पण ती तू ठरवलेली नसेल. तू न ठरवता बसलास तरी निर्णय होतोच रे, फक्त तो मुकादम घेतो, नाहीतर वेल घेते. आणि अशा तारखेतनं शिकायला पण काही मिळत नाही, कारण आपण काय विचार करून काय केलं हेच माहीत नसतं, मग चुकलं कुठं हे कसं कळणार.

2019 साल तुला आठवत असेल, बारावीला होतास. त्या वर्षी पप्पांनी सगळी बाग सप्टेंबरच्या शेवटी छाटली होती, एकाच दमात. ऑक्टोबरचा शेवट आणि नोव्हेंबरची सुरुवात, पाऊस थांबायलाच तयार नाही, समुद्रात एकामागे एक वादळं, आधी क्यार मग महा. आपली बाग फुलोऱ्यात. सकाळी मी बागेत गेले तर घडाला नुसता हात लावला तरी मणी खाली, आणि वासरासारखे वाढवलेले घड आतून काळे पडत गेलेले. आपलंच नाही, निफाड दिंडोरी सगळीकडे तेच. लोक ट्रॅक्टर घालून बागा तोडायला निघाले होते.

तुला हे माहितीये. पण तुला हे माहीत नाही की त्या दिवसांत पप्पा रोज रात्री फवारणीच्या डायरीत लिहीत होते. औषध मारून उपयोग नव्हता तरी लिहीत होते. ती निळ्या पुठ्ठ्याची डायरी देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात आहे, 2019 ची, काढ आणि बघ. पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी कुठल्या ओळीत पाय किती रुतला, वरच्या मुरमाड तुकड्यात दुपारपर्यंत बूट साफ, खालच्या काळ्या रानात दोन दोन दिवस पाणी हललं नाही, कुठल्या झाडावर काड्या कमी होत्या आणि तिथे घड कसे राहिले, बांधाकडच्या शेवटच्या ओळीत वारा लागतो तिथे कूज कमी, असं सगळं बारीक अक्षरात. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी खालच्या तुकड्याला चर काढले, झाडावरच्या काड्या कमी केल्या. आज तू "वरचा तुकडा पाण्याचा चांगला निचरा करतो" असं सल्लागाराला अगदी सहज सांगतोस ना, ते वाक्य त्या गेलेल्या वर्षातनं आलंय. चांगल्या वर्षी ते कळलं नसतं. चांगल्या वर्षी सगळीकडे सारखाच माल निघतो, रान काही बोलत नाही.

म्हणून चुकीकडे तू जसा बघतोस तसं बघू नको. तुझ्या डोक्यात चूक म्हणजे लोक बोट दाखवणार, की शिकून आला आणि बापाची बाग घालवली. मला माहितीये खरी भीती पावसाची नाहीये, ही आहे. पुण्यातली नोकरी सोडून आलास तेव्हापासून आहे. अरे, गाव चार दिवस बोलतं आणि मग त्यांच्या बागेत काहीतरी होतं, मग त्यांना वेळ नसतो. आणि घरातलं म्हणशील तर आत्ताच सांगते, ही तारीख चुकली तर ती आपल्या घराची चूक असेल, तुझ्या एकट्याच्या नावावर मी कधी ती लावणार नाही आणि पप्पांना लावू देणार नाही. (ते लावणार पण नाहीत.)

2010 ची गोष्ट तर तुम्हाला कॉलेजात शिकवली असेल. युरोपात आपल्या द्राक्षात सीसीसी, ते वाढ रोखायचं औषध, सापडलं, कंटेनर अडकले, एक्स्पोर्टवाले अक्षरशः बसले. एप्रिल छाटणीनंतर शेंडा थांबवायला सगळेच मारत होते, काडीत घड चांगला भरतो म्हणून, आणि आपल्या तपासणीच्या यादीतच ते नव्हतं. एवढी मोठी चूक, आख्ख्या धंद्याची. पण त्यानंतर काय झालं ते बघ ना, ते यादीत आलं, माणसं शेंडा हाताने खुडायला लागली, कुठलं औषध काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचं हे आता आपल्या गावातला सातवी शिकलेला माणूस पण तोंडपाठ सांगतो. तेव्हा बाग सोडून दिली असती तर आज युरोपला आपला माल जातोय तो गेला नसता.

आणि दुसऱ्या बाजूनं पण बघ. तासगावकडे बोरगावला वसंतराव आर्वे, त्यांच्या थॉमसन जातीच्या बागेत काही वेल वेगळे दिसले. दुसऱ्या कोणी भेसळ म्हणून काढून टाकले असते, त्यांनी त्याच्या काड्या घेऊन वाढवल्या, ती तास-ए-गणेश जात. नान्नजचे नानासाहेब काळे, सोनाका त्यांचा, शरद सीडलेस त्यांचा. हे काही प्रयोगशाळेतले लोक नव्हते, बागाईतदार होते. त्यांना पण कोणी लेखी दिलं नव्हतं की हे चालणारच. त्यांनी काडी लावली आणि बघितलं. तू पण लाव आणि बघ, एवढंच माझं म्हणणं आहे.

पप्पांना तू रोज विचारतोस आणि ते विषय बदलतात, त्याचा तुला राग आलाय हे मला कळतंय. दुखण्यामुळे नाही करत ते. मला म्हणाले, "मी तारीख सांगितली तर पुढच्या वर्षी पण मलाच विचारेल, त्याच्या पुढच्या वर्षी पण, आणि मी नसलो की मग?" त्यांना तुझ्यावर विश्वास नाही असं तुला वाटतं. विश्वास नसता तर वॉकर घेऊन गावाला आले असते, तुला माहितीये ते कसे आहेत.

आता मला काय वाटतं ते सांगते, पटलं तर घे. तीन एकर एकाच दिवशी छाटायची म्हणून तू घाबरतोस, तर एकाच दिवशी छाटायची कशाला? वरचा मुरमाड तुकडा आधी घे, याच आठवड्यात. पाणी साचत नाही, हवा खेळती आहे, पाऊस आलाच तर ट्रॅक्टर आत जातो आणि फवारणी चुकत नाही. काडी तपासणीचा रिपोर्ट तुझ्याकडे आहेच, कितव्या डोळ्यावर घड आहे ते समोर लिहिलंय, आणखी कोणाला काय विचारायचंय? खालचं काळं रान तिथून आठ दहा दिवसांनी. त्याच्यावर अजून इथ्रेलचा हात हलका बसलाय, पानं आहेत, ते थांबू शकतं. एक तुकडा पावसात सापडला तर दुसरा हाताशी राहील, आणि दोन्ही साधले तर माल पण दोन टप्प्यात निघेल, व्यापाऱ्यापुढे एकदम मान टाकावी लागणार नाही. यात पण चूक होऊ शकते. पण ती आपल्याला झेपेल एवढीच असेल, आणि कोणत्या कारणाने झाली ते तुला सांगता येईल. धाडस म्हणजे आंधळी उडी नाही म्हणत मी, सोसायटीचं कर्ज मला पण दिसतं. फळपीक विम्याचा हप्ता मुदतीच्या आत भर, ते विसरू नको.

एकदा कात्री लागली की मग मागे वळून बघायचं नाही. मधल्या ओळीपर्यंत आल्यावर कोणाचा तरी मेसेज येईल की अंदमानला कमी दाबाचा पट्टा तयार झालाय. येऊ दे. तेव्हा तुझं काम छाटणी थांबवायचं नाही, पोंग्यातली पहिली फवारणी वेळेवर घ्यायचं. ठरवेपर्यंत हजार शंका घे, ठरल्यावर सगळी अक्कल ती तारीख बरोबर करण्यात लाव. निम्मी तारीख तर नंतरच्या कामानेच बरोबर होते, हे मी पप्पांच्या बागेत इतकी वर्षं बघतेय.

नवीन वही घे आणि पहिल्या पानावर लिही, कुठला तुकडा, कधी, आणि ही तारीख का निवडली. ते "का" नक्की लिही, पप्पांच्या डायरीत ते नाहीये आणि मला नेहमी वाटतं असायला हवं होतं. फेब्रुवारीत काय निघतं ते त्याच्या शेजारी लिहायचं.

मुकादमाला आजच फोन कर, तो नऊला झोपतो. उक्तं काय ठरतं ते एकरी स्पष्ट बोलून घे, मागच्या वेळी शेवटी वाद झाला होता. डोळे फुटायची पेस्ट लावणाऱ्या पोरांना नवीन हातमोजे आण, फाटके देऊ नको, आणि आदल्या दिवसापासून पुढचे सात दिवस कोणी दारू प्यायची नाही हे मुकादमासमोर बजावून सांग, त्या औषधावर दारू म्हणजे जिवाशी खेळ. बायकांना चहा दोनदा दे. शेवग्याच्या शेंगा फ्रीजमध्ये आहेत, त्या खराब व्हायच्या आत कर किंवा काकूला दे.

तारीख ठरली की मला मेसेज टाक. विचारायला नाही, सांगायला.

आई