व्हेपवरची बंदी उठवण्याआधी तंबाखू मळणाऱ्याचा विचार करा

संपादक महोदय,

ई-सिगारेटवरची, म्हणजेच व्हेपवरची, बंदी उठवून तिच्या जागी सरकारी नियमन आणावे, ही मागणी अधूनमधून जोर धरते. ती करणारे सगळेच कंपन्यांची तळी उचलणारे नसतात. तंबाखू जळताना निघणारे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड व्हेपमध्ये जवळपास नसते, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. निकोटिनच्या गमपेक्षा निकोटिनयुक्त ई-सिगारेटने धूम्रपान सोडणाऱ्यांचे प्रमाण जास्त, हा वैद्यकीय संशोधने एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्याचा निष्कर्षही नाकारण्यासारखा नाही. तरीही महाराष्ट्रात ही बंदी राहायलाच हवी, असे आम्हांला वाटते. कारण आपल्याकडे तंबाखू शरीरात जातो तो मुख्यतः तोंडावाटे, धुरावाटे नव्हे.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या भारतातल्या फेरीनुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात. त्यांतले विडी-सिगारेट ओढणारे प्रौढांच्या अवघे ३.८ टक्के. धूरविरहित तंबाखू वापरणारे मात्र २४.४ टक्के; काही जण दोन्हींत मोडतात. धूरविरहित म्हणजे मिश्री लावणाऱ्या बाया, विदर्भातला खर्रा, टपरीवरचा मावा आणि तळहातावर चुन्याबरोबर मळलेली चिमूट. ई-सिगारेटच्या बाजूचा सगळा युक्तिवाद धुराच्या जागी वाफ देण्याचा आहे. ज्याच्या तोंडात धूर नाहीच, त्याला वाफ देऊन काय साधणार? त्याच्या गालाचा आणि हिरडीचा धोका तसाच राहील आणि आजवर तंबाखूपासून बऱ्यापैकी वाचलेली फुप्फुसेही कामाला लागतील. सिगारेट सोडायला व्हेप सुचवणाऱ्या ब्रिटनचा दाखला देणाऱ्यांनी हा फरक आधी पाहावा. तिथे तंबाखू म्हणजे बहुतांशी सिगारेट.

आता ही वस्तू नेमकी काय आहे ते पाहू. एक छोटी लिथियम-आयन बॅटरी, तारेची कॉइल, तिला लागून कापसाची वात आणि टाकीत द्रव. द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फ्लेवर आणि बहुधा निकोटिन. ओढताच कॉइल तापते, वातीतला द्रव उडतो आणि त्याचे सूक्ष्म थेंब छातीत जातात. वात कोरडी पडली किंवा कॉइल गरजेपेक्षा जास्त तापली, की तोच ग्लिसरीन फुटून अ‍ॅक्रोलीन आणि फॉर्माल्डिहाइड तयार होतात. घशाला करपट चटका बसतो तो याचाच. स्वस्त, बेनाव उपकरणात तापमानावर नियंत्रण नसते आणि बंदीमुळे इथे येणारा माल बराचसा तसाच असतो, ही बंदीची बाजू घेतानाही कबूल करायला हवी अशी गोष्ट.

खरी मेख निकोटिनच्या प्रकारात आहे. साधे निकोटिन जास्त प्रमाणात घातले तर घसा जळतो, ठसका लागतो, नवखा माणूस थांबतो. हा एक नैसर्गिक ब्रेक होता. निकोटिनमध्ये बेंझोइक आम्ल मिसळून त्याचा क्षार केला की आम्लता बदलते, वाफ मऊ लागते आणि ५० मिलीग्रॅम प्रति मिलीलीटर इतका तीव्र द्रवही चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा न खोकता ओढू शकतो. वर आंबा, पुदिना, कलिंगड यांचे वास. एका डिस्पोजेबल, म्हणजे संपला की फेकून द्यायच्या, व्हेपमध्ये असा १२ मिलीलीटर द्रव असेल तर आत ६०० मिलीग्रॅम निकोटिन झाले. ब्रिटनमध्ये कायदेशीर मर्यादा २ मिलीलीटरची टाकी आणि प्रति मिलीलीटर २० मिलीग्रॅमची तीव्रता, म्हणजे एकूण ४० मिलीग्रॅम. पंधरा पटींचा हा फरक. शिवाय सिगारेट विझते आणि ओढणाऱ्याला किती झाल्या हे कळते. व्हेपला शेवटच नसतो. दप्तरात ठेवायचा, दोन झुरके घ्यायचे, परत ठेवायचा.

नियमनाचे समर्थक म्हणतील, मग आपणही २० मिलीग्रॅमची मर्यादा घालू. घाला, पण ती पाळली जाते का हे तपासायला काय लागते? प्रत्येक उत्पादनाची आगाऊ नोंदणी, बाटलीतले निकोटिन मोजणारी प्रयोगशाळा, विक्रेत्यांना परवाने, वयाची पडताळणी आणि दुकानोदुकानी फिरणारे निरीक्षक. ब्रिटनने हे सगळे उभारले आणि तरी मुलांमधला वापर व कचरा आवरेना, म्हणून १ जून २०२५ पासून डिस्पोजेबल व्हेपवर बंदी घातलीच. ऑस्ट्रेलियाने तर २०२४ मध्ये विक्री फक्त औषधांच्या दुकानांपुरती आणली. आपल्याकडे राज्य सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगारेट विकायला बंदी केली. कोणत्याही टपरीवर जाऊन पाहा. एक सिगारेट सुटी विकू नये इतका साधा नियम ज्या यंत्रणेला जड जातो, तिच्याकडून द्रवाच्या तीव्रतेवर देखरेखीची अपेक्षा कशी धरायची?

सिगारेट खुली आणि व्हेप बंद ही विसंगती आहेच. ती सिगारेटवरचे नियम कडक करून मिटवावी.

बंदीचा कायदा मात्र नीट राबवला पाहिजे. तो १८ सप्टेंबर २०१९ पासून लागू आहे, आधी अध्यादेश आणि डिसेंबरात संसदेचा कायदा. उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, जाहिरात या सगळ्यांवर बंदी असून पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठवणुकीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कारवाईत चुका होऊ शकतात त्या ठरावीक जागी.

पहिली चूक निकोटिनची वाट पाहण्याची. ‘साहेब, यात निकोटिन नाही, नुसता फ्लेवर आहे’ असे विक्रेता म्हणतो आणि मग प्रयोगशाळेच्या अहवालावर प्रकरण अडते. कायद्याच्या व्याख्येत निकोटिन असो वा नसो, ओढण्यासाठी पदार्थ तापवून वाफ करणारे विद्युत उपकरण म्हणजे ई-सिगारेट. ई-हुक्का आणि तंबाखू न जाळता तापवणारी यंत्रेही त्यात आली. म्हणून पंचनाम्यात ‘फ्लेवरचे पेन’ असे मोघम लिहू नये. बॅटरी, कॉइल, द्रवाची टाकी आणि ओढण्याचे तोंड असे भाग नोंदवावेत, ओढल्यावर दिवा लागतो का ते लिहावे, खोक्यावरचा सगळा मजकूर जसाच्या तसा उतरवावा आणि छायाचित्रे जोडावीत.

दुसरी चूक अधिकाराची. झडती आणि जप्ती पोलीस उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायची आहे. शिपायाने परस्पर माल उचलला तर बचावाच्या वकिलाचे काम सोपे होते. राज्य सरकार त्या दर्जाच्या इतर अधिकाऱ्यांनाही अधिसूचना काढून प्राधिकृत करू शकते. २०१२ पासून गुटख्याच्या धाडी घालणाऱ्या अन्न व औषध प्रशासनातल्या अधिकाऱ्यांसाठी या तरतुदीचा पुरेपूर वापर व्हावा. गोदामाचा माग काढणे त्यांना नवे नाही.

तिसरा घोळ हुक्क्याचा. कोळशावरच्या हुक्का पार्लरला तंबाखू नियंत्रण कायद्यातला राज्याचा २०१८ चा दुरुस्ती कायदा लागतो, विजेवरच्या हुक्क्याला २०१९ चा ई-सिगारेट बंदीचा. एकाच पार्लरमध्ये दोन्ही सापडले तर दोन्ही कलमे लावावी लागतात.

जप्त मालाचा प्रश्न तर कुणी बोलतच नाही. मुद्देमालाच्या खोलीत खोकी एकावर एक रचून ठेवली की प्रत्येक नगात एक लिथियम सेल असतो. उष्णतेने, दाबाने किंवा शॉर्ट होऊन एक पेटला तर शेजारचे धडाधड पेटतात. रोलर फिरवून माल नष्ट करण्याचा विचारही कुणी करू नये, चिरडलेला सेल तिथेच आग धरतो आणि सांडलेले निकोटिन कातडीतून अंगात भिनते. माल कोरड्या, हवेशीर जागी, धातूच्या कपाटात, कागदपत्रांपासून दूर ठेवावा. न्यायालयाचा आदेश आला की अधिकृत ई-कचरा प्रक्रियाकाराकडे द्यावा. हाताळणाऱ्याला हातमोजे द्यावेत.

शाळांना एक विनंती. कायद्यात ई-सिगारेट ओढण्यासाठी वेगळी शिक्षा नाही, त्याचा रोख विक्रेत्यावर आहे. मुलाकडे हायलायटर किंवा पेन ड्राइव्हसारखे उपकरण सापडले तर पोलीस ठाण्याची भीती घालण्याऐवजी ते कुठून, किती रुपयांना, कोणामार्फत आले हे शांतपणे विचारावे. मूल घाबरले की पुरवठादाराचे नाव कधीच बाहेर येत नाही.

आणि ज्याला सोडायचे आहे त्याचे काय? बंदीच्या बाजूने लिहिणारे इथे गप्प बसतात. २ मिलीग्रॅमचा निकोटिन गम आपल्याकडे औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो. तो फसतो याचे मोठे कारण लोक तो च्युइंगगमसारखा चावतात. मग निकोटिन थुंकीबरोबर पोटात जाते, बरेचसे यकृतात नष्ट होते, उचकी आणि मळमळ तेवढी उरते आणि ‘याने काही होत नाही’ म्हणून माणूस पुन्हा पुडी उघडतो. गम सावकाश चावायचा, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, त्या ओसरल्या की पुन्हा दोन-चार वेळा चावायचा. असा अर्धा तास. आधी पंधरा मिनिटे आणि गम तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, लिंबू सरबत घ्यायचे नाही, कारण तोंडात आंबटपणा असेल तर निकोटिन गालातून शोषले जात नाही. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढे अंतर वाढवत बाराव्या आठवड्यापर्यंत बंद. तंबाखू गालात धरण्याची सवय असलेल्याला ही पद्धत लवकर जमते. ज्याला उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत तंबाखू लागतो, त्याला २ मिलीग्रॅम बहुधा पुरत नाही. त्याने डॉक्टरांकडून ४ मिलीग्रॅमचा लिहून घ्यावा.

एवढी माहिती मराठीत छापून प्रत्येक औषध दुकानात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात लावायला फार खर्च येणार नाही. खाली तंबाखू सोडण्यासाठीच्या राष्ट्रीय मोफत सेवेचा क्रमांकही असावा : १८००-११-२३५६.

– तंबाखूमुक्ती समुपदेशक, पुणे