आईला, फुलवातींबद्दल

सेंट लुईस,
१८ जानेवारी

ती. आईस सा. न.

काल व्हिडिओ कॉलवर तू हात पदराखाली घेतलेस, तेव्हाच मला शंका आली. मग ताईने सांगितलं. फुलवात वळताना कापूस चिमटीत आहे की निसटला तेच तुला कळत नाही. परवा अंगणात चप्पल पायातून सुटली, तरी तू तशीच पुढे गेलीस. वर म्हणालीस म्हणे, "केमो संपून चार महिने झाले, आता कसली कुरकुर करायची!" आई, कर कुरकुर. हा भास नाही आणि वयाचा दोषही नाही.

तुला दिलेलं पॅक्लिटॅक्सेल पेशीतल्या सूक्ष्म नळ्या जखडून टाकतं, म्हणून कॅन्सरची पेशी दुभंगू शकत नाही. पण नसांमध्ये सगळी रसद याच नळ्यांवरून जाते. पायाच्या बोटाची जाणीव पोचवणाऱ्या पेशीचं घर कमरेपाशी, मणक्याच्या कडेला. तिथून अंगठ्यापर्यंत एकच धागा, जवळपास मीटरभर. वाट अडली की आधी टोकाची उपासमार होते. म्हणून मुंग्या आधी पावलांना, मग हाताच्या बोटांना.

लॅबमध्ये मी उंदरांच्या याच पेशी वाढवते. औषध घातलं की नितळ धाग्यांवर मण्यांसारख्या गाठी येतात, मग धागा तुटतो. रोज मोजते मी ते तुकडे. काल मोजवेनात.

सार्म-१ नावाचं प्रथिन जागं झालं की धाग्यातला ऊर्जेचा साठा संपवतं. ते नसलेल्या उंदरांना हा त्रास बराच कमी होतो. माणसांसाठी तसं औषध अजून हाती नाही. आज आहे ते ड्युलॉक्सेटिन. २०१३ च्या चाचणीत २३१ रुग्ण होते. ते घेणाऱ्या ५९ टक्के लोकांचं दुखणं कमी झालं, औषध नसलेल्या गोळीने ३८ टक्के लोकांचं. आग आणि दुखणं कमी करणं हे त्याचं काम, बधिरपणावर फार आशा ठेवू नकोस. डॉक्टरांना विचार आणि कॅन्सर परतू नये म्हणून टॅमॉक्सिफेनची गोळी चालू आहे हे आठवणीने सांग, दोन्ही एकत्र घेण्याआधी त्यांनी पाहायला हवं.

मेडिकलमधून आणलेल्या 'नसांच्या गोळ्यां'च्या पाकिटाचा फोटो पाठव. त्यात अ‍ॅसिटिल एल-कार्निटिन असेल तर बंद कर. केमोच्या काळात ते घेतलेल्या बायकांचा त्रास उलट वाढलेला दिसला आहे.

बऱ्याच जणींचा त्रास काही महिन्यांत ओसरतो, काहींचा थोडा उरतो. तोवर शेकाची पिशवी नको. अंघोळीचं पाणी बाबांना बघू दे आणि रात्री तळपायही त्यांनाच तपासू दे.

मार्चमध्ये येतेय. फुलवाती मी वळेन, तू शेजारी बसून शिकव.

तुझी,
धाकटी