जपान म्हणजे फक्त ‘इकिगाई’ नव्हे

महोदय,

दुकानात जपानविषयीचं पुस्तक मागितलं, की ‘इकिगाई’ (जगण्याचं प्रयोजन), काइझेन (कामात सतत थोडीथोडी सुधारणा) नाहीतर घर आवरण्याची युक्ती पुढे येते. जणू तो देश आपल्याला शिस्त लावण्यासाठीच जन्मला! अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एझ्रा व्होगेल यांनी १९७९ मध्ये पुस्तक लिहून जपानला ‘नंबर वन’ ठरवलं. दहा-बारा वर्षांत तिथला शेअर-जमिनींच्या भावांचा फुगा फुटला. मला मात्र चिए नाकाने जवळच्या वाटतात. भारतात हिंडून अभ्यास केलेल्या या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९६७ मध्ये आपल्या पुस्तकात लिहिलं, की जपानी माणूस ओळख देताना आधी कंपनी सांगतो, कामाचं स्वरूप नंतर. (आपली सुरुवात आडनावापासून!) पुण्यात एवढी मुलं जपानी शिकतात, त्यांच्यापैकी कुणीतरी असं पुस्तक थेट जपानीतून मराठीत आणावं.

– एक वाचक, पुणे