मनूस पत्र: घराच्या पाठचं रान

प्रिय मनू,

तुझा निरोप आज सकाळी मिळाला. इथे रेंज येते ती फक्त गोठ्यामागच्या मोठ्या दगडावर, त्यामुळे एका हाताने छत्री आणि दुसऱ्या हाताने फोन सावरत वाचला. "आई, अ‍ॅमेझॉनचे भारी फोटो पाठव. गणपतीच्या सुट्टीआधी वर्षावनाचा तक्ता द्यायचाय, चार थर दाखवायचेत." एक फोटो जायला इथे अर्धा दिवस लागतो, रे. म्हणून पत्रच लिहितेय. मामा परवा दोडामार्गला जाणार आहे, तो पोस्टात टाकेल.

तुझ्या पुस्तकातलं ते चित्र मी पाहिलंय. खाली जमीन, तिच्यावर बुटकी झाडं, मग पानांचं छत आणि त्याच्याही वर डोकं काढलेली दोन-चार उंच झाडं. प्रत्येक मजल्यावर एकेक प्राणी भाडेकरूसारखा बसवलेला. चित्र काही चुकीचं नाही. पण त्यातल्या चारही मजल्यांवर मी लहानपणापासून येते-जाते आहे, आणि तू दर मे महिन्यात त्याच रानापासून अर्ध्या तासावर बसून फणस खातोस.

आपलं रान म्हणजे हुबेहूब अ‍ॅमेझॉन नव्हे, हे आधीच सांगते, नाहीतर तुझ्या बाई मला पकडतील. तिकडे वर्षभर पाऊस येत-जात असतो. इथे सगळा जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे मुंबईच्या जवळजवळ तिप्पट, आणि पुढे महिनोन्‌महिने कोरडे जातात. म्हणून इथे सदाहरित झाडांच्या शेजारी ऐन, किंजळ अशी पानं गाळणारी झाडंही उभी असतात. याला निमसदाहरित वन म्हणतात. ओढ्याच्या काठाने, घळीत, जिथे ओल टिकते, तिथलं रान मात्र एप्रिलच्या उन्हातही काळोखं हिरवं असतं.

रविवारी आजोबांबरोबर वर जाऊन आले. आजोबांनी पायांना तंबाखूचं पाणी चोळलं, मी शहाणपणा करून मोजे घातले. जळवा मलाच लागल्या.

आत शिरलं की पहिल्यांदा अंधार जाणवतो. वरच्या उजेडातला शंभरातला एखाद-दुसरा भागच जमिनीपर्यंत पोचतो. म्हणून खाली गवत जवळजवळ नाहीच, नुसता पाचोळा. तो पायाने बाजूला केला तर वीतभर काळी माती, आणि तिच्याखाली लगेच जांभा. एवढ्या मोठ्या झाडांचं पोट एवढ्याशा मातीवर कसं भरतं? पान पडलं की वाळवी, बुरशी, गोमी त्याच्यावर तुटून पडतात आणि त्यातलं सत्त्व मुळं लगेच परत ओढून घेतात. या रानाची शिल्लक मातीत फारशी नसते, झाडांच्या अंगात असते. म्हणून झाडं काढली की दोन-तीन पावसांत खाली उघडा कातळ राहतो. पावसाळ्यात यातल्या काही कुजक्या फांद्या रात्री हिरवट चमकतात, बुरशीमुळे. मी लहान असताना आम्ही त्याला भुताची शेकोटी म्हणायचो आणि पळायचो.

त्याच्या वरचा मजला वेताच्या जाळ्यांचा आणि कोकमाचा. होय, आपल्या सोलकढीचं कोकम मूळचं याच सावलीतलं झाड. परसात लावलेलं बघून ते लक्षात येत नाही. एका डबक्यावर वाकलेल्या फांदीला साबणाच्या फेसासारखा पांढरा गोळा लटकत होता. हा उडत्या बेडकाचा संसार. मादी फेसात अंडी घालते, पिल्लं त्यातच वाढतात आणि पाऊस चांगला लागला की टपाटप खालच्या पाण्यात पडतात. तक्त्यावर हा गोळा काढ, कापसाने छान जमेल.

छताबद्दल मला फारसं सांगता येणार नाही, कारण मान दुखते. शेकरू दिसलं, तांबूस शेपटी खाली सोडून बसलेलं. ते सहसा जमिनीवर उतरतच नाही. गारंबीचे मांडीएवढे वेल एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेत, ते त्याचे पूल. जिथे वेल नाही तिथे सरळ उडी. मध्ये एखादी वाट रुंद केली किंवा चार झाडं काढली की मात्र त्याचा रस्ता तुटतो. माणसाला ती मोकळी जागा वाटते, त्याला दरी.

आणि सगळ्यात वर, छताच्या बाहेर मान काढून, तो जुना बेहडा. त्याच्या ढोलीत माडगरुड, म्हणजे महाधनेश, घर करतो. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मादी आत जाते आणि दार लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवून. पुढे काही महिने नर वड-उंबराची फळं आणून भरवतो. तो डोक्यावरून गेला की पंखांचा आवाज येतो, आजी सुपाने भात पाखडते ना, तसा. अशी ढोली विशीतल्या झाडाला नसते. त्यासाठी झाड म्हातारंच लागतं. दहा रोपं लावून एक बेहडा भरून निघत नाही, हे मी त्या माणसाला सांगितलं. तो कोण, ते पुढे येतंच.

आता एक गंमत. दोडामार्ग तालुक्यातच हेवाळे-बांबर्डे इथे एक दलदल आहे, रानजायफळाची. झाडं चिखलात उभी, आणि चिखलाला हवा नसते म्हणून मुळं गुडघा दुमडावा तशी वर येऊन श्वास घेतात. जायफळाचं कूळ फुलझाडांत फार प्राचीन. तसल्या दलदली आता पश्चिम घाटात थोड्याच उरल्यात, गोव्यात सत्तरीत एक-दोन आहेत. बांबर्डेची सरकारने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली, पण ती टिकली होती आधीच, देवराई म्हणून. राईतली वाळकी काडीसुद्धा घरी न्यायची नाही, असा नेम. तुझ्या तक्त्यावर चिकटवायला एक बी आणावी असं माझ्या मनात होतं. आजोबा एवढंच म्हणाले, "ता देवाचा आसा." मग मी मुकाट्याने परतले. तशीही ती बी वाळली की मरते, साठवता येत नाही. लगेच ओल्या मातीत पडायला हवी.

तुला अ‍ॅमेझॉनच हवं आहे ना? तेही इथे आहे. ओढा ओलांडला की पलीकडच्या डोंगरावर रबर. हे झाड मूळचं अ‍ॅमेझॉनच्या रानातलं. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजाने ब्राझीलहून सुमारे ७० हजार बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या. तिथून रोपं श्रीलंका, मलाया करत पसरली, केरळात १९०२ च्या सुमारास मळे सुरू झाले, आणि आता ते आपल्या दारात. रबराखालच्या उतारावर अननस. तोही दक्षिण अमेरिकेतला. काजू तर पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला. म्हणजे तिकडची झाडं आणून आपण इथलं वर्षावन काढतोय. बरं, मायदेशी रबर असं रांगेत उभंच नसतं. तिथे ते रानात एकेकटं, लांब लांब वाढतं, कारण जवळ लावलं की पानांचा रोग सगळ्यांना एकदम धरतो. हेन्री फोर्डने १९२८ पासून ब्राझीलमध्ये मोठा मळा वसवायचा प्रयत्न केला, त्यात हा रोगही नडला. इथे तो रोग नाही, म्हणून रांगा. त्या रांगांत मी दहा मिनिटं उभी राहिले. सावली आहे, हिरवं आहे, आणि माडगरुडाने खावं असं एक फळ नाही.

काजूला मी नावं ठेवत नाही हं. माझी शाळेची फी काजूबियांवर भरली गेलीय.

आता तो माणूस. आपल्या पाठचं रान सरकारी नाही, मालकीचं आहे, आणि सातबारा सामाईक. अकरा नावं, त्यात एक माझं. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दोडामार्गात वृक्षतोडीला बंदी घातली. तरी रात्री कुठूनतरी करवतीचा आवाज येतो, आणि जमिनी विकत घेणारे येतच असतात. त्यांचा एक दलाल गेल्या आठवड्यात चहा पिऊन गेला. आठ जणांच्या सह्या झाल्यात म्हणाला. मी केलेली नाही. आजोबांनीही नाही. मामाने अजून काही ठरवलेलं नाही, आणि त्याच्यावर तू चिडायचं नाहीस. ताईच्या नर्सिंगची फी डोक्यावर आहे, आणि त्या रानातून त्याला वर्षाला पोतंभर कोकमापलीकडे काही मिळत नाही. काल रात्री आम्ही दोघं अंगणात उशिरापर्यंत बोललो. भांडलो नाही. कोकमाचं आगळ करून विकायचा हिशेब मांडला, तो जमला नाही. आज परत मांडणार आहोत.

तर तक्त्याचं असं कर. थर चारच काढ, बाईंना तेच हवेत. पण जमीन काढशील तेव्हा मातीचा पट्टा अगदी पातळ रंगव, खाली जांभ्याचा तांबडा. तिकडचा टूकन पक्षी काढायचा असेल तर काढ, मात्र त्याच्या जागी माडगरुड काढलास तर पिवळी चोच आणि वरचं शिंगासारखं टोपण विसरू नकोस. अडलं तर संध्याकाळी सातला फोन कर, मी दगडावर उभी असते.

गणपतीला येशील तेव्हा तुला त्या बेहड्यापर्यंत नेते, आजोबांनी कबूल केलंय. गेल्या वर्षीचे गमबूट तुला होणार नाहीत. बाबांना नवे घ्यायला सांग, एक नंबर मोठेच.

तुझी,
आई