स्ट्रोक्सची जोडगाणी

प्रिय पक्या,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला, निम्मा वेळ शिव्या आणि निष्कर्ष काय तर स्ट्रोक्स हा न्यूयॉर्कचा रॉक बँड म्हणजे नुसती ढापाढापी. व्हॉट्सअ‍ॅपवर वाद घातला तर तू मध्येच मीम टाकून सटकणार, म्हणून सरळ पत्रच लिहितोय, निवांत वाच.

तुझ्यासाठी एक प्लेलिस्ट केलीय, आधी स्ट्रोक्सचं गाणं आणि लगेच मागून ज्यांच्याकडून घेतलं त्यांचं. क्रम मुद्दाम असा ठेवलाय, कारण जुनं आधी ऐकलं ना की आपण फक्त काय उचललं तेच शोधत बसतो. नवं आधी ऐकलं की या पोरांनी काय काय सोडून दिलं ते कळतं, आणि माझ्या मते बँड ओळखायचा तो तिथेच.

पहिली जोडी अर्थातच 'लास्ट नाइट' (२००१) आणि टॉम पेटीचं 'अमेरिकन गर्ल' (१९७६). सुरुवातीचा गिटारचा स्ट्रम उचललाय, वादच नाही, त्यांनी स्वतःच कबूल केलंय. पण पेटीचं गाणं मोकळं, चकचकीत, मागे कोरस, शेवटी गिटार सुटते ती सुटतेच. यांनी ती सगळी चकाकी काढून टाकली, गायक ज्युलियनचा आवाज गिटारच्या छोट्या प्रॅक्टिस अँपमधून काढलाय, म्हणून तो असा खरखरीत, कंटाळलेला वाटतो. आणि पेटीला याचं हसू आलं, राग नाही, २००६ मध्ये तर स्वतःच्या टूरवर ओपनिंगला घेतलं त्यांना! ज्याचं गेलं त्याची तक्रार नाही आणि तू कोथरूडात बसून केस लढवतोयस.

दुसरी '१२:५१' (२००३) आणि द कार्सचं 'जस्ट व्हॉट आय नीडेड' (१९७८). ही मला सगळ्यात आवडते. '१२:५१' मधली ती मुख्य धून कीबोर्डवर आहे असं वाटतं ना, ती त्यांच्या निक व्हॅलेन्सीची गिटार आहे राव. कार्सकडे खरा सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड होता, यांनी तोच साउंड गिटारमधून काढला, आता याला कॉपी म्हणायचं तर म्हण, मला तरी हे जास्त कष्टाचं काम वाटतं.

तिसरी 'बॅड डिसिजन्स' (२०२०) आणि बिली आयडलचं 'डान्सिंग विथ मायसेल्फ'. इथे कोरसची चाल इतकी उघड आहे की गीतकारांत बिली आयडल आणि त्याचा सहगीतकार टोनी जेम्स यांची नावंच टाकलीत. गाणं मात्र मला फार ग्रेट वाटत नाही, कारण इथे सोडून काहीच दिलं नाहीये. त्याच अल्बमला पुढे ग्रॅमी मिळालं, असो.

आणि स्ट्रोक्सनी कुणाकडून घेतलं म्हटलं की सगळे सत्तरच्या दशकातल्या टेलिव्हिजन या बँडचं नाव घेतात ते मला पटत नाही. दोन गिटारी एकमेकींत गुंफलेल्या, एवढंच साम्य. त्यांचं 'मार्की मून' दहा मिनिटं भटकतं, स्ट्रोक्सच्या गाण्यात सोलोसुद्धा आधी बसवून ठेवलेला असतो, एक सूर इकडचा तिकडे होत नाही. तरी यादीत टाकलंय, हेडफोन लावून ऐक आणि डावी-उजवी गिटार वेगवेगळी धर, मग बोल.

अरे सवाईला मागच्या रांगेतले काका पहिल्या आलापातच गायकाचं घराणं सांगतात, तेव्हा तूच कौतुकाने मान डोलावतोस. भीमसेनजी किराण्याचे, पण बाकीच्यांच्या गायकीतलं आवडलं ते घेतलंच की त्यांनी, आणि ते सांगायला कधी लाजले नाहीत. तेव्हा नाही चोरी दिसली ती!

तर ऐक आणि तुझ्या दोन जोड्या पाठव. फक्त तो साठच्या दशकातला वेल्व्हेट अंडरग्राउंड बँड नको, ते कुठल्याही बँडच्या जोडीला लागतं.

तुझा,
मन्या